वामन परत न आला. पण वेठ कुठं गेली?

जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' ही कादंबरी आपल्यातल्या किती जणांनी वाचली आहे? मी पाच-सहा कार्यकर्त्यांना विचारून पाहिलं. दोघांनी नाव ऐकलं होतं. एकानं तोंड वाकडं केलं. म्हणाला, 'यंत्रमानव, अंतराळ, ही पोट भरलेल्यांची करमणूक. आपल्या वस्तीत नळाला पाणी नाही, आपण यंत्रमानव काय वाचायचा?'

साथींनो, हे बोलणं टाळी घेणारं आहे, पण पुरं नाही. वस्तीत पाणी नाही हे खरंच आहे. पण पाणी कुठल्या आळीला आधी सोडायचं हे एक मोटार, एक पाइप आणि एक व्हॉल्व्ह ठरवतात, आणि व्हॉल्व्ह फिरवणारा हात गावात कुणाचा असतो हे मी सांगायला नको. यंत्र आपल्या आयुष्यात कधीच घुसलंय. आपण त्याच्याबद्दल वाचलं नाही, लिहिलं नाही, तर त्याची गोष्ट दुसरेच सांगणार. म्हणून ही कादंबरी मी नेटानं वाचली, आणि राळेगणसिद्धीत बसून वाचली. गावाचं नाव घ्यायला कारण आहे, ते पुढं येईल.

आधी गोष्ट थोडक्यात. शास्त्रज्ञ जमिनीत खोल खणतात. खाली एक पेटी सापडते. ती आजची नाही, कालची नाही. आपल्या आधी होऊन गेलेल्या, आपल्यापेक्षा पुढं गेलेल्या संस्कृतीची आहे. पेटीत त्यांचं ज्ञान साठवलेलं आहे. पदार्थविज्ञानवाला, संगणकवाला आणि पुरातत्त्ववाला मिळून ते उलगडतात आणि त्यातून एक बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो. त्याचं नाव वामन. वामन हुशार आहे, कामाला वाघ आहे. पण त्याला एक गोष्ट हवी आहे: आपल्यासारखे आणखी वामन कसे घडवायचे हे ज्ञान. शास्त्रज्ञ ते द्यायला तयार नाहीत. मग वामन वाईट माणसांशी हातमिळवणी करतो आणि पळापळ, चोरी, पाठलाग सुरू होतो. ती जुनी संस्कृती कशानं बुडाली याचा उलगडा शेवटी होतो. शेवट मी सांगत नाही, अर्धा तर शीर्षकातच आहे.

कादंबरी खिळवून ठेवते, हे पहिल्यांदा कबूल करू. भाषेचा फुलोरा नाही. अलंकार नाहीत, चंद्र-चांदण्यांचे उमाळे नाहीत. चांदण्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसानं ते टाळावेत हे मला फार आवडलं. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेला, बनारसमध्ये वाढलेला, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईलबरोबर विश्वाचं गणित मांडणारा हा माणूस मराठीत गोष्टी लिहीत राहिला. २० मे २०२५ ला ते गेले. प्रस्थापितांवर टीका करताना आपण सगळ्यांना एकाच काठीनं हाणतो. इथं तसं करून चालणार नाही. २००८ साली पुण्यात नारळीकरांनी दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन ज्योतिषाची चाचणी घेतली. काही पत्रिका अतिशय हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. २७ ज्योतिषी उतरले, प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या, कोणती कुणाची ते ओळखा म्हणून. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी थोडी जास्त आली असती. पुढं २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना गोळ्या घातल्या. तेव्हा नारळीकर आणि आपण पुष्कळ वाट एकाच दिशेनं चालतो. भांडण आहे ते त्या वाटेवर काय दिसतं आणि काय दिसत नाही, याबद्दल.

आता एक बारीकशी गोष्ट. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही पहिली विज्ञानकथा पाठवली, ती टोपणनावानं. नाव घेतलं नारायण विनायक जगताप. आपलीच आद्याक्षरं उलटी केली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहून घेतली. नारळीकर हे नाव वाचून परीक्षक दबतील, गोष्टीचा निवाडा नीट होणार नाही, म्हणून. किती सरळ माणूस! कथेला बक्षीस मिळालं.

पण हे वाचताना मला बाबुराव बागूल आठवले. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ चा. त्या कथेतला नायकही ओळख लपवतो. त्याला खोली हवी असते. जात उघडी पडते आणि मार बसतो. दोघांनी नाव झाकलं. एकाला वाटलं, माझ्या नावामुळं मला जास्त मिळेल. दुसऱ्याला ठाऊक होतं, माझ्या नावामुळं मला काहीच मिळणार नाही. ही एका माणसाची चूक नव्हे, नारळीकरांची तर नव्हेच. पण एकाच महाराष्ट्रात, अकरा वर्षांच्या अंतरानं घडलेल्या या दोन 'चोऱ्या' शेजारी ठेवल्या की मराठी विज्ञानकथा कुठल्या अंगणात वाढली ते दिसतं. तिथं आडनाव ही एक गंमत होती.

आता मुद्द्याचं बोलू. यंत्रमानवाला नाव दिलं वामन. पुराणातला बटू. लहान दिसतो, तीन पावलं जमीन मागतो आणि सगळं गिळतो. नारळीकरांनी नाव विचारानं घेतलं आहे. लहानशी वस्तू, लहानशी मागणी, आणि बघता बघता ती आपल्या डोक्यावर पाय देते. यंत्राबद्दलची ही भीती खोटी नाही. आजच पाहा: फोनमधलं अ‍ॅप नम्रपणे तीनच परवानग्या मागतं. तुमचे नंबर, तुमचे फोटो, तुमचा ठावठिकाणा. तीन पावलं! सायकलवर, मोटारसायकलवर डबे पोचवणारी आपली पोरं त्या पायाखाली दिवसाचे बारा-चौदा तास असतात, आणि मालक कोण ते त्यांना ठाऊक नसतं.

पण वामन हे नाव आपल्या कानाला निराळं ऐकू येतं. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि एकेका अवताराचं सोंग उतरवलं. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन, परशुराम. जोतीरावांच्या मांडणीत बळी हा या मातीतला राजा, शेतकऱ्या-कष्टकऱ्यांचा. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा ही त्याची माणसं. आणि वामन म्हणजे कपटानं त्याचं राज्य घेणारा. आपल्या नगर जिल्ह्यात, आता कागदावर अहिल्यानगर, आजही दिवाळीत बायका ओवाळताना इडापिडा जावो, बळीचं राज्य येवो असंच म्हणतात. वामनाचं राज्य येवो असं कुठलीही बाई म्हणत नाही. त्या ओवाळण्यात हजारो वर्षांचा निकाल आहे.

तेव्हा पहिल्या वाचनात मी खूश झालो. एक नारळीकर वामनाला धोकेबाज ठरवतात, तो परत आला नाही याचा सुस्कारा सोडतात! म्हणजे नकळत ते बळीच्या बाजूला येऊन उभे राहिले की. पण पुढं वाचत गेलो तसं हे इतकं सोपं राहिलं नाही. कादंबरीत बळी कोण? अख्खी मानवजात. म्हणजे शास्त्रज्ञ, मंत्री, पोलीस, तुम्ही, मी, सगळे एका ओळीत. जोतीरावांनी विचारलेला प्रश्न, पाय कुणाचा आणि डोकं कुणाचं, तो 'मानवजात' या मोठ्या शब्दाखाली झाकला गेला. आपण हा शब्द दिसला की सावध होतो. गावजेवणाला 'सगळं गाव' म्हणतात तेव्हा त्यात महारवाडा धरलेला असतोच असं नाही.

आणि दुसरी अडचण याहून मोठी. 'रोबो' हा शब्द आला कुठून? चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली एक नाटक लिहिलं, त्यातून तो जगभर गेला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. जमीनदाराच्या शेतावर कुळानं फुकट राबायचं, ती वेठ. साथींनो, हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायला हवा का? येसकराची काठी, तराळाची पायपीट, गावकीचं मेलेलं ढोर, सरकारी सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत धावणं, आणि बदल्यात तुकड्याची जमीन आणि शिळी भाकर. महार वतनाच्या या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणलं. वतनं कायद्यानं गेली ती स्वातंत्र्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर. म्हणजे चापेक युरोपात बसून 'वेठकरी' यंत्राची कल्पना करत होते तेव्हा इथं हाडामांसाचे वेठकरी गावोगाव हजर होते. आपला बाप-आजा म्हणजे गावाचा रोबो. वेगळं इंधन, एवढाच फरक.

या नजरेनं कादंबरी पुन्हा वाचा. ज्याला सेवेसाठी घडवला तो एक दिवस म्हणतो, मला ज्ञान द्या, माझ्यासारखे मी घडवीन. आणि घडवणारे म्हणतात, हे ज्ञान तुला नाही. तू काम कर. अमेरिकेत आयझॅक आसिमॉव्ह यांनी १९४२ साली यंत्रमानवासाठी तीन नियम लिहिले: माणसाला इजा करू नकोस, माणसाची आज्ञा पाळ, आणि या दोन्हींच्या आड येत नसेल तर स्वतःला जप. यंत्रासाठी ठीक आहे. पण शूद्रानं असूया न धरता वरच्यांची सेवा करावी, हेच त्याचं एक काम, असा नियम माणसांसाठी लिहिणारं पुस्तक आपल्याकडं होतं आणि २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते जाळावं लागलं. एकलव्याचा अंगठा, शंबूकाचं डोकं, या दोन्ही गोष्टींत गुन्हा एकच: ज्याला नाही म्हटलं त्यानं शिकायचं ठरवलं.

मी यंत्रासाठी रडत नाहीये. पत्र्याच्या आणि तारांच्या वामनाला जात नाही, भूक नाही, आई नाही. पण गोष्ट पत्र्याची असली तरी तिच्यातली भीती माणसाची आहे, आणि ती भीती मालकाची आहे. सेवक ज्ञान मागू लागला की धोका. आणि तो गुन्हेगारांशी हात मिळवणारच, त्याच्या रक्तातच ते, असं धरून चालायचं. या देशात ही कथा आधी कुठं ऐकली आहे, हा प्रश्न कादंबरीतल्या एकाही शास्त्रज्ञाला पडत नाही. माझ्या मते ही या कादंबरीतली सर्वात मोठी मोकळी जागा. नाव घेतलं वामनाचं, म्हणजे कपटी मालकाचं. काम दिलं वेठकऱ्याचं. मालक आणि गुलाम एकाच पत्र्यात कोंबले. लेखकाला हे दिसलं असतं तर मराठीत एक जबरदस्त कादंबरी झाली असती. न दिसल्यामुळं ती चांगली साहसकथा होऊन थांबली.

आता राळेगणसिद्धी. पारनेर तालुका, पाऊस बेताचा, १९७२ च्या दुष्काळात या सगळ्या टापूनं खडी फोडली आणि सुकडी खाल्ली. १९७५ ला अण्णा हजारे सैन्यातून गावी आले. नालाबंडिंग, पाझर तलाव, झाडं, चराईबंदी. विहिरींना पाणी आलं हे खरं आहे, आणि पाण्याला मी नावं ठेवणार नाही. गोबरगॅस आला, सौरदिवे आले. देशभरातून माणसं हे गाव पाहायला आली, हजारेंना १९९० ला पद्मश्री, १९९२ ला पद्मभूषण मिळालं. मला विचाराल तर राळेगण हीसुद्धा एक विज्ञानकथाच आहे: उद्याचं गाव कसं असेल ते आज दाखवणारी.

म्हणूनच इथं बसून कादंबरीतलं खोदकाम वाचताना डोळा अडकला. पेटी सापडते, पण खणलं कुणी? पुस्तक मिटल्यावर मला शास्त्रज्ञ आठवतात, वामन आठवतो, चोरही आठवतात. टिकाव मारणारा आठवत नाही. महाराष्ट्रातले पाझर तलाव, नाले, रस्ते हे दुष्काळी कामांवर आणि १९७७ च्या रोजगार हमी कायद्याखाली ज्यांनी खणले, त्यांत आपली माणसं केवढी होती! डोक्यावर घमेलं, कडेला पोर. कोनशिलेवर मात्र उद्‌घाटकाचं नाव. जमिनीखालची संस्कृती कितीही पुढारलेली असू द्या, तिच्यापर्यंत पोचणारा पहिला हात बिगाऱ्याचा असतो.

आणि आदर्श गावात आपली जागा कोणती? गावानं श्रमदान करून दलितांचं कर्ज फेडलं, असं राळेगणबद्दल सगळीकडं सांगितलं जातं. फेडलं, चांगलं केलं. पण मुकुल शर्मा यांनी 'ग्रीन अँड सॅफ्रन' या २०१२ च्या पुस्तकात या गावाचा अभ्यास मांडला आहे, तो वाचा. गावाचा आदर्श देवळाभोवती उभा आहे. दारू पिणाऱ्याला खांबाला बांधून मारण्याची शिक्षा आहे. दलितांनी मांसाहार सोडून गावासारखं व्हावं ही अपेक्षा आहे. म्हणजे समावेश आहे, पण अटी गावाच्या. सौरदिव्याचा उजेड महारवाड्यात पडतो, पण गाव कसं असावं हे ठरवणारा आवाज महारवाड्यातून निघत नाही. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्यांवर आसूड ओढला तो याचसाठी. दिवा नवा आणि खांब जुना, असं गाव विज्ञानानं पुढं गेलं असं मी कसं म्हणू?

इथं बाबासाहेबांची यंत्राबद्दलची भूमिका नीट समजून घ्यायला हवी, कारण आपल्यातही काही जण भावनेच्या भरात चरख्याच्या बाजूला सरकतात. गांधींनी १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये यंत्राला दोष दिला. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरच्या पुस्तकात त्याला उत्तर दिलं. माणूस पशूसारखा दिवसभर राबला तर त्याला विचार करायला, वाचायला, माणूस व्हायला वेळ कुठला? तो वेळ यंत्र देतं. यंत्रातून दुःख निघत असेल तर दोष यंत्राचा नाही, नफा आणि मालकी पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, ती बदला. म्हणून आपण वामनाला घाबरत नाही. आपण विचारतो, त्याचा मालक कोण आणि तो कुणाचं काम हलकं करायला आला?

या प्रश्नाचं उत्तर गटारात आहे. मराठी कादंबरीत १९८० च्या दशकातच यंत्रमानव शास्त्रज्ञाच्या टेबलाशी येऊन बसला. खरा यंत्रमानव गटारात उतरला तो २०१८ ला, केरळात. तिरुवनंतपुरमच्या तरुण इंजिनिअरांनी 'बँडिकूट' नावाचं यंत्र केलं, माणसाऐवजी मॅनहोलमध्ये उतरणारं. हातानं मैला उचलायला बंदी करणारा कायदा १९९३ चा, पुन्हा २०१३ चा. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्यायला सांगितले, २०२३ ला ३० लाख. रक्कम वाढली, मरण थांबलं नाही. आजही दोरी बांधून माणूस खाली सोडतात. कारण हिशोब सरळ आहे: यंत्राला पैसे पडतात आणि जात फुकट मिळते. जिथं वेठकरी जन्मानं हजर आहे तिथं रोबो कोण विकत घेईल? हा विषय विज्ञानकथेचा नाही काय? मला तर यापेक्षा मोठा दिसत नाही.

जाता जाता नारळीकरांची दुसरी एक गोष्ट. 'गंगाधरपंतांचे पानिपत'. एक इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात, जिथं १७६१ चं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे आणि इंग्रज मुंबईपुरते उरले आहेत. कल्पना भारी, रचना चोख. पण मी तिथं पोचलो असतो तर? पंत त्या जगात ग्रंथालयात जाऊन पुस्तकं चाळतात. मला आधी गळ्याला हात लावून पाहावा लागला असता, मडकं आहे की नाही. इंग्रज आपले तारणहार नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची पलटणीतली भरती त्यांनीच बंद केली. तरीही रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेत शिकले-शिकवते झाले, आणि १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत भीमराव जन्मले. पानिपत जिंकलेल्या त्या जगात भीमराव आहे का? गंगाधरपंत हे पुस्तक ग्रंथालयात शोधत नाहीत. ते आपण शोधायचं आहे.

अमेरिकेतल्या काळ्या लेखिकेनं ते शोधलं. ऑक्टेव्हिया बटलर यांची 'किंड्रेड' १९७९ ची. १९७६ सालची एक काळी बाई अचानक मागं ओढली जाते, गुलामीच्या काळातल्या मेरीलँडच्या मळ्यावर. यंत्र नाही, सूत्र नाही. भूतकाळात गेलेला गोरा पाहुणा असतो. काळा गेला की कुणाची तरी मालमत्ता होतो. काळप्रवास या खेळण्याला बटलरनं दात बसवले. १९७२ ला आपण काळ्या पँथरांकडून नाव घेतलं. ही नजरही घ्यायला काय हरकत आहे?

दलित साहित्यानं आत्मकथनं दिली, कविता दिली. भोगलेलं सांगितलं, ते सांगणं भागच होतं. पण आपण फक्त मागचंच लिहायचं आणि पुढचं सवर्णांनी, ही वाटणी कुणी केली? उद्या कृत्रिम बुद्धीचा संगणक नोकरीचे अर्ज चाळणार, कर्ज द्यायचं की नाही ते ठरवणार. आडनाव वाचायला त्याला कुणी शिकवलं असेल तर? या गोष्टी घडण्याआधी लिहाव्या लागतात. आयटीआयमध्ये शिकणारी, संगणकावर बसणारी, वीज मंडळात खांबावर चढणारी आपली मुलं आहेत. त्यांना तारेतला करंटही ठाऊक आहे आणि जातीतलाही.

तेव्हा 'वामन परत न आला' वाचा. ग्रंथालयातून आणा, अभ्यासवर्गात ठेवा, शेजारी 'गुलामगिरी' ठेवा आणि भांडत वाचा. नारळीकरांनी वामनाची गोष्ट सांगितली, त्यांना धन्यवाद. बळीच्या बाजूनं सांगितलेली विज्ञानकथा मराठीत अजून यायची आहे. या अंकाच्या पुढच्या पानांसाठी ती कोण पाठवतो, त्याची वाट बघतोय.

जयभीम.